विल्फ ऑर्मरॉडनं लिहिलेली सुरुवात

आमच्या बर्नलीत, म्हणजे इंग्लंडच्या उत्तरेतल्या कापडगिरण्यांच्या गावात, सिनेमाला सुरुवात नसायची. म्हणजे असायची, पण ती बघायला म्हणून कुणी जायचं नाही. दुपारी एकदा पडदा उजळला की रात्रीपर्यंत उजळलेलाच. मुख्य सिनेमा, बातम्या, तासाभराचा छोटा सिनेमा, परत मुख्य सिनेमा, असा रहाट चालू. गिरणी सुटली, घरी चहा झाला (आमच्याकडे संध्याकाळच्या जेवणालाच चहा म्हणतात), चहाबरोबर जे काही तळलेलं असेल ते पोटात गेलं की लोक निघायचे आणि पडद्यावर जे चाललं असेल तिथून बघायला बसायचे. खून होऊन गेलेला असायचा, लग्न मोडून गेलेलं असायचं. शेवट बघायचा, बातम्या बघायच्या, मग सुरुवात बघायची आणि आपण आत आलो होतो ती जागा आली की शेजारच्याला कोपर मारून उठायचं. हल्लीच्या पोरांना हे सांगितलं की ती तोंडाकडे बघत राहतात. आम्हाला त्यात वावगं काही वाटत नव्हतं.

विल्फ्रेड ऑर्मरॉड या गावात जन्मला, म्हणून तो तसाच सिनेमा-समीक्षक झाला आणि तसाच सिनेमाचा लेखक. 'ईव्हनिंग बीकन' या आमच्या गावच्या पेपरात मी मँचेस्टरहून पदवी घेऊन उपसंपादक म्हणून लागले, तेव्हा तो समोरच्या टेबलावर बसायचा. उंच, खांद्यात वाकलेला, कोटाच्या खिशात कायम पेपरमिंट. पहिल्या दिवशी त्यानं माझ्याकडे बघून विचारलं, "तूच का ती कॉलेज?" तेव्हापासून मी त्याच्यासाठी कॉलेजच. म्युरिएल हॉवर्थ असं माझं नाव त्यानं फक्त माझ्या निवृत्तीच्या भाषणात घेतलं, तेही कागद बघून.

त्याची आई अ‍ॅनी विणकरीण. बाप जॅक. विल्फ पाच वर्षांचा असताना जॅक बायको-पोराला टाकून कॅनडाला पळाला, असं गाव म्हणायचं आणि अ‍ॅनीनं ते कधी खोडून काढलं नाही. टाकलेली बाई म्हणून गावानं तिची आयुष्यभर कणव केली. कुणी जुना कोट आणून द्यायचं, कुणी नाताळात केकचा तुकडा. ती निमूट घ्यायची.

आठवड्यातून दोनदा मात्र ती पोराला घेऊन सिनेमाला जायची. पहाटे भोंग्याला हजर व्हायचं असायचं, त्यामुळे शेवट झाला, बातम्या झाल्या की उठायची. सुरुवात परत येईपर्यंत थांबणं तिला परवडायचं नाही. म्हणजे इतरांना निदान उलटीसुलटी का होईना, गोष्ट पुरी मिळायची; ऑर्मरॉड माय-लेकांना नुसते शेवट मिळायचे.

घरी जाताना ती विचारायची, "काय रे, ती बाई त्या बंगल्यात आली तरी कशी?"

"तिचा भाऊ बुडाला ना आई, त्याचं घड्याळ द्यायला आली."

"अस्सं. तरीच!"

दुसऱ्या दिवशी शाळेतला कुणी पोरगा खरं सांगायचा, की ती तिथे मोलकरीण म्हणून लागली होती. विल्फ प्रामाणिकपणे घरी येऊन आईला ते सांगायचा.

"हॅ! तुझीच बरी होती. मोलकरीण म्हणून काय, मीही लागेन."

तेव्हापासून हा गडी लेखक. सुरुवाती रचायच्या आणि त्या आईला पटवायच्या, हे त्याचं पहिलं शिक्षण. मला हे त्यानंच सांगितलं आणि सांगताना तो नेहमी खुश असायचा.

आणखी एक सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. विणकामाच्या खात्यात मागांचा असा कल्लोळ, की तोंडातून शब्द काढून उपयोग नाही. म्हणून आमच्या बायका ओठांनी बोलायच्या. आवाज नाही, नुसते ओठ मोठे करून, भुवया नाचवून. खात्याबाहेरही तीच सवय. रस्त्याच्या या बाजूनं त्या बाजूला, बसच्या काचेतून, चर्चमध्ये पाद्री बोलत असताना. मूकपटांच्या काळात तर चंगळ. पडद्यावरच्या पाटीवर लिहिलेलं असायचं, 'मी जन्मभर तुझी वाट पाहीन,' आणि बायका खिदळायच्या, कारण नटीचे ओठ म्हणत असायचे, 'याच्या तोंडाला कांद्याचा वास येतोय.' माझी आई लग्नाआधी विणकरीणच, त्यामुळे ती भाषा मलाही येते. विल्फला तर यायचीच.

समीक्षक म्हणून त्याची तऱ्हा अशी. नवा सिनेमा आला की पेपरवाल्यांना तो सकाळी रिकाम्या थिएटरात दाखवत, झाडणाऱ्या बायका खुर्च्यांमधून टॉफीचे कागद वेचत असायच्या तेव्हा. हा तिथे वेळेवर जायचा आणि बाहेर बसून चहा प्यायचा. एकदा मी बरोबर होते. मँचेस्टरहून आलेला वितरकाचा माणूस घाईघाईनं बाहेर आला.

"अहो, सुरू झाला सिनेमा!"

"होऊ दे. माझा चहा व्हायचाय."

"तुम्ही समीक्षक आहात ना?"

"आहे. पण माझे वाचक अजून गिरणीतून सुटलेले नाहीत."

तो माणूस माझ्याकडे वळला, की निदान ही तरी शहाणी असेल. मी बिस्कीट खात होते.

विल्फच्या परीक्षणात शेवटच्या ओळी ठरलेल्या. 'सव्वासातपर्यंत गेलात तर चालेल. साडेसातला गेलात तर नायक हलकट वाटेल. तो तसा नाही, गैरसमज करून घेऊ नका.' कॅमेरा, प्रकाश, दिग्दर्शकाचं मन, यातलं काही नाही. संपादक कुरकुरायचे, "ऑर्मरॉड, लंडनचे लोक बघा काय खोल लिहितात." हा म्हणायचा, "त्यांना जेवण उरकून बस पकडायची नसते, साहेब." पण शुक्रवारी 'बीकन' जास्त खपायचा तो त्याच्या ओळींसाठीच, हे संपादकांनाही ठाऊक होतं. घराघरात तो अंक चहाच्या भांड्याला टेकवून ठेवलेला असायचा.

याच गुणावर त्याला सिनेमे लिहायला मिळाले. स्टॉकपोर्टला टोप्यांच्या एका बंद पडलेल्या कारखान्यात क्लेग नावाचा गृहस्थ छोटे सिनेमे काढायचा, मुख्य सिनेमाला जोडून लावायचे. स्वस्तातले. पाऊस दाखवायचा असला तर शेजारच्या कपडे धुण्याच्या कारखान्याचा पाइप वापरायचे. क्लेगला असा लेखक हवा होता, ज्याची गोष्ट कुठूनही बघायला घेतली तरी कळेल. विल्फनं त्यासाठी एक युक्ती काढली. दर रिळाला, म्हणजे दर दहा मिनिटांनी, एक नवा माणूस दारातून आत येणार आणि विचारणार, "काय झालं?" मग बाकीचे त्याला सगळं सांगणार. कधी दूधवाला, कधी पाद्री, कधी कानानं कमी ऐकणारी आत्या. आम्ही त्या पात्राला 'विचाऱ्या' म्हणायचो. जहाज फुटून चार माणसं नावेत अडकतात, असा एक सिनेमा त्यानं लिहिला, तेव्हा मी म्हटलं, आता बघू हा कुणाला दारातून आणतो. यानं दर रिळाला पाण्यातून पोहत येणारा एक इसम नावेत चढवला.

क्लेग ओरडला, "अरे विल्फ, अजून किती जण चढवतोस? नाव बुडेल!"

"किती रिळं आहेत?"

"सहा."

"मग अजून दोघं."

अ‍ॅनी त्याचे सगळे सिनेमे बघायची, अर्थात मधूनच, आणि बाहेर आल्यावर म्हणायची, "सगळं कळलं." याहून मोठी शाबासकी तिच्याकडे नव्हती.

मग दिवस पालटले. घरोघरी टीव्ही आले, गिरण्या एकेक करून गार पडल्या, क्लेगनं टोप्यांचा कारखाना विकून टाकला. आणि नेमकं तेव्हाच लंडनला आमचा पुळका आला. कोळशानं काळवंडलेल्या आमच्या भिंती, आमची बोली, आमची गरिबी हे सगळं एकाएकी सुंदर ठरलं. रॉडरिक फेन नावाचा एक तरुण दिग्दर्शक विणकरणीवर मोठा सिनेमा काढायचा म्हणून विल्फला शोधत आला. गळ्यापर्यंत काळा स्वेटर, हातात कॅमेरा. विल्फनं त्याला घरी जेवायला नेलं, मलाही बोलावलं. अ‍ॅनीनं बटाटा-मटणाची थाळी भट्टीतून काढली आणि फेन उठून मोरीचे फोटो काढायला लागला.

अ‍ॅनी माझ्याकडे बघून नुसत्या ओठांनी म्हणाली, "याच्या घरी मोरी नाही का?"

मला हसू दाबता येईना. मी लाल कोबीच्या लोणच्यात तोंड घातलं.

पण माणूस वाईट नव्हता, हे मी कबूल करते. विल्फच्या लिखाणात काय आहे ते त्याला कळलं होतं. त्याची अट एकच. "मिस्टर ऑर्मरॉड, यात तो विचारणारा माणूस नको. लोक पहिल्यापासून बघतील. मी बघायला लावीन." लंडनला तेव्हा नवी टूम निघाली होती, सिनेमा सुरू झाला की दारं बंद. उशिरा येणाऱ्यानं परत जायचं.

विल्फ महिनोन् महिने अडून बसला. मधला भाग झाला, शेवट झाला, सुरुवात होईना. ज्यानं लहानपणापासून दुसऱ्यांच्या सुरुवाती रचल्या त्याला स्वतःची सुचेना. मी त्याला चिडवायची, "आण की एखादा पोहत येणारा!" तो हसायचा नाही. मग एक दिवस दुपारी त्यानं टाइप केलेली चार पानं माझ्यापुढे टाकली आणि खिडकीशी जाऊन उभा राहिला.

पहाट. खालच्या खोलीत दिवा. एक बाई नवऱ्याची पेटी दाराबाहेर ठेवते. त्याचे बूट पेटीवर ठेवते. नवरा काहीतरी बोलतो, आपल्याला ऐकू येत नाही. ती दाराकडे हात करते. तो जातो. ती कडी घालते, चुलीवर पाणी ठेवते, केस बांधते. मग आपल्याला जिन्याच्या वरच्या पायरीवर एक पोरगा बसलेला दिसतो. आपल्याला दिसतो, तिला नाही. बस्स. त्यानंतर पूर्ण सिनेमाभर गाव तिला टाकलेली बाई समजून कणव करतं, ती ते घेते आणि खरं काय ते कुणीही, एकदाही, बोलत नाही.

"एवढं बघायचं चुकलं तर?" मी विचारलं.

"तर वेगळाच सिनेमा. रडका."

"आणि ती त्याला का हाकलते?"

"मला माहीत नाही."

"अरे, लेखक तू आहेस!"

"मी जिन्यावर होतो, कॉलेज," तो खिडकीतून बाहेर बघत म्हणाला. "खालचं बोलणं ऐकू येत नव्हतं."

मी पानं नीट लावून ठेवली. मग विचारलं, "आईला ठाऊक आहे? तू बघितलंस ते?"

"नाही. ती गावाला जे समजू देत आली तेच मलाही. मीही ऐकून घेत आलो. एवढी वर्षं आम्ही दोघं एकाच टेबलाशी बसून एकमेकांना थाप मारतोय. तोंडानं मला जमायचं नाही. पडद्यावर बघू दे तिला. अंधारात. माझ्याकडे बघावं न लागता."

"विल्फ, तुझी आई जन्मात कधी सिनेमाला वेळेवर गेली आहे का?"

"या वेळी येईल. मी बजावलंय."

पुढचं इथेच सांगून टाकते, म्हणजे नंतर कुणी विचारायला नको. हा विल्फचा पहिला मोठा सिनेमा आणि शेवटचाही. लंडनला त्याचं कौतुक झालं, फेनचं नाव झालं. विल्फ 'बीकन'मध्येच राहिला, पेपर बंद पडेपर्यंत सिनेमावर लिहीत राहिला आणि म्हातारपणी, अ‍ॅनीच्या मागे बारा-पंधरा वर्षांनी, शांतपणे गेला. लग्न केलं नाही. आमचंही जमलं नाही. लोकांना वाटायचं ते जमावं, आम्हाला दोघांना पुरेसा वेळ एकमेकांच्या समोर बसायला मिळतच होता. तर त्याचं पुढचं का बिनसलं, ते त्या एका संध्याकाळचं.

सिनेमाचा पहिला खेळ बर्नलीतच करायचा, असं फेननं ठरवलं. 'प्रिन्सेस' थिएटर. वेळ साडेसहा. बाहेर मोठी पाटी: 'चित्रपट सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडले जाणार नाही.' शेवटी महापौरांचं भाषण. साडेसहाला आत महापौर, त्यांच्या गळ्यातली मानाची साखळी, गिरणीमालकांची दोन कुटुंबं, आम्ही 'बीकन'वाले आणि रिकाम्या खुर्च्याच खुर्च्या. विल्फच्या शेजारची खुर्चीही रिकामी. दिवे गेले. त्यानं पडद्याकडे बघितलंच नाही, दाराकडे बघत होता. बाईनं पेटी दाराबाहेर ठेवली आणि हा उठला. मी त्याच्या मागे गेले.

बाहेरच्या दालनात फेन उभा होता आणि बंद काचेच्या दारांपलीकडे गाव जमायला लागलं होतं. पाच, दहा, पन्नास माणसं. डोक्याला रुमाल बांधलेल्या बायका, टोप्या घातलेले पुरुष. साडेसहा ही काय सिनेमाची वेळ? ती चहाची वेळ. पाटी सगळ्यांनी वाचली होती, पण ती दुसऱ्या कुणासाठी तरी असेल, असंच प्रत्येकाला वाटलं होतं. डोअरकीपर बिचारा कडीवर हात ठेवून घामाघूम झालेला. त्याची बहीणही त्या गर्दीत होती.

सर्वांत पुढे अ‍ॅनी. ठेवणीतला कोट, शेजारी तिची मैत्रीण मिसेस टॅटरसॉल, जिचं जेवण कधीच वेळेवर आटपत नसे.

काच जाड. अ‍ॅनीनं ओठांनी बोलायला सुरुवात केली.

"दार अडकलंय का?"

विल्फनंही ओठांनीच सांगितलं, "बंद केलंय. आई, तुला वेळेवर ये म्हटलं होतं ना."

"ही पुडिंग संपवीना."

मिसेस टॅटरसॉलनं मान वळवली. "खोटं बोलतेय. भांडी घासल्याशिवाय निघेना. आणि तो गळ्यापर्यंत झाकलेला कोंबडा कोण?"

मागच्या रांगेतल्या बायकांनीही कोंबड्याबद्दल आपापली मतं ओठांवर आणली. ती इथे लिहिता येत नाहीत. फेनला वाटलं, गाव शुभेच्छा देतंय. त्यानं हसून हात हलवला.

"दार उघडायला हवं," विल्फ त्याला म्हणाला.

"वेड लागलंय का तुम्हाला? ती सुरुवात तुमची आहे, ऑर्मरॉड. पुऱ्या सिनेमाचा जीव आहे त्यात. तो सोडून बघायला देणार?"

"माझी आई बाहेर आहे."

"मग तर जास्तच! उद्या या म्हणावं. मी स्वतः गाडी पाठवतो त्यांना घ्यायला."

फेनचं म्हणणं बरोबर होतं, हेच त्यातलं वाईट. विल्फला दुसरं काही नकोच होतं. आईनं ती सुरुवात बघावी, एवढंच. पण अ‍ॅनीला दारातून परत पाठवलं की ती पुन्हा त्या दारात जात नसे. एका वाण्यानं एकदा तिला उद्या या म्हटलं होतं. त्याचं दुकान त्याच्या नातवाकडे गेलं तरी ती तिथे चढली नाही.

काचेपलीकडे ती आता हळू बोलत होती. "जाऊ दे रे. थंडी आहे. मी जाते घरी. तू बघ तुझा सिनेमा."

आणि कोटाचं वरचं बटण लावायला लागली.

फेननं विल्फच्या दंडाला धरलं. "पुढचा सिनेमाही तुम्हीच लिहायचा, हे मी निर्मात्यांना सांगून ठेवलंय. पण हे दार उघडलंत, तर तुमच्यावर मी पुन्हा विश्वास टाकू शकणार नाही. खरंच सांगतो."

"मला कळतंय ते," विल्फ म्हणाला. मग त्यानं डोअरकीपरचा हात बाजूला केला आणि कडी काढली.

लोंढा आत आला. अ‍ॅनी त्याच्याजवळून जाताना बडबडली, "एवढं कशाला अडवायचं? आम्ही काय फुकट आलोय?" बॅटरीवाल्या पोरींनी भराभर खुर्च्या दाखवल्या. अंधारात 'सरका की', 'माझी टोपी', 'ती कोण, मालकिणीची बहीण का?' असं सगळं सुरू झालं. पाच मिनिटांत थिएटर भरलं, सिगारेटच्या धुरानं निळं झालं. मी अ‍ॅनीच्या मागच्या रांगेत बसले. फेन भिंतीला टेकून उभा.

सिनेमा चांगला होता. मी समीक्षक नाही, पण बायकांनी टॉफीचे कागद वाजवणं बंद केलं होतं, त्यावरून सांगते. शेवटी ती बाई एकटी गिरणीकडे चालत जाते आणि दारोदारच्या बायका तिच्याकडे कीव करून बघतात. अ‍ॅनीनं रुमाल काढून नाक पुसलं.

"बिचारी," ती म्हणाली. "टाकलेली बाई."

विल्फ तिच्या शेजारीच बसला होता. त्याचा चेहरा मला बाजूनं दिसत होता आणि मला तो बघवेना.

दिवे अर्धे लागले. महापौर साखळी सावरत रंगमंचावर चढले. अ‍ॅनी नेहमीप्रमाणे उठली.

"बस की," मिसेस टॅटरसॉल म्हणाली. "आपण आलो तो भाग अजून आलाय कुठे?"

"मला पहाटे उठायचंय."

"गिरणी सोडून वर्ष झालं तुला!"

"म्हणून काय लोळत पडू? गुडघे घे बाजूला."

"नाही घेत. मी पुरे पैसे दिलेत, मी पुरं बघणार."

मिसेस टॅटरसॉलचे गुडघे बाजूला झाल्याशिवाय त्या रांगेतून मांजरही जाऊ शकलं नसतं. सगळ्या थिएटरात तीच तऱ्हा. एकही माणूस उठला नव्हता. महापौरांनी कागद उघडला, घसा साफ केला, "बर्नलीच्या नागरिकहो" म्हणाले, आणि दिवे गेले.

वरच्या खोलीतल्या ऑपरेटरला भाषणाचं सांगितलेलं होतं. पण त्याचे हात जुने. शेवटचं रीळ संपलं की पहिलं चढवायचं, हे त्या हातांनी कायम केलेलं. पहिलं रीळ उलटं गुंडाळून शेजारी तयारच असायचं. महापौरांच्या पोटावर एक पहाट उजाडली. पांढऱ्या सदऱ्यावर पेटी दिसली, बूट दिसले.

"खाली बसा!" कुणीतरी ओरडलं.

"साखळीवाले, बाजूला व्हा!"

महापौर खाली उतरले. फेन ऑपरेटरच्या खोलीकडे निघाला आणि जिन्यात बसलेल्या माणसांनी त्याला जागा दिली नाही. मधूनच बघणारं गाव ते. त्याला त्याची सुरुवात आता हवी होती.

पडद्यावर बाईनं दाराकडे हात केला. पुरुष गेला. तिनं कडी घातली.

मिसेस टॅटरसॉल मोठ्यानं म्हणाली, "अगं बाई! हिनंच हाकलला की त्याला!"

पूर्ण थिएटरभर कुजबूज फिरली. "अ‍ॅनी, बघितलंस का?" मिसेस टॅटरसॉलनं तिला ढोसलं.

"गप बस. ऐकू दे," अ‍ॅनी म्हणाली.

ऐकण्यासारखं काही नव्हतंच. त्या दहा मिनिटांत एक शब्द नाही. पाण्याला उकळी फुटली, बाईनं केस बांधले आणि मग तो जिना आला, वरची पायरी आली, पोरगा आला. तो खाली बघत होता. अ‍ॅनी पुढे झुकली होती ती तशीच राहिली. विल्फ स्वतःच्या हातांकडे बघत होता.

थोड्या वेळानं लोकांची आत आल्याची जागा आली. कोपरं चालली, रांगा उठल्या, मिसेस टॅटरसॉल शेजारणींबरोबर बसकडे पळाली. अ‍ॅनी बसून राहिली. तो अख्खा प्रसंग होऊन गेला, त्याच्या पुढचाही, तेव्हा कुठे उठली.

बाहेर फेनची गाडी नव्हती, तो निघून गेला होता. आम्ही तिघं चालत निघालो. अ‍ॅनी मध्ये. तिच्या बुटांचा तेवढा आवाज.

"पायात मोजे होते का तुझ्या?" तिनं विचारलं.

"काय?"

"त्या दिवशी. जिन्यावर. फेब्रुवारी होता."

"नव्हते," विल्फ म्हणाला.

"वाटलंच. म्हणूनच महिनाभर खोकत होतास. आणि मी त्या डॉक्टरला बोल लावत बसले." ती थोडं चालली. "विचारायचं होतंस."

"सांगितलं असतंस?"

"नाही."

पुलापाशी आल्यावर ती थांबली, हातमोजे काढले आणि कोटाच्या खिशात कोंबले.

"आता विचार," ती म्हणाली.

मला बटाट्याच्या गरम चिप्स घ्यायच्या आहेत असं सांगून मी कोपऱ्यावरच्या दुकानात शिरले. भूक नव्हती. रांगेत दोघांना पुढे जाऊ दिलं, व्हिनेगर जास्त घाल म्हटलं, मीठ पुन्हा मागितलं. पुडा हातात घेऊन बाहेर आले तेव्हा ती दोघं अजून पुलावरच उभी होती. विल्फ मान खाली घालून ऐकत होता आणि अ‍ॅनी बोलत होती.